दुपारी चालवून बघ

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. तुमची चूक झाली असं मी म्हणत नाही. चूक माझी झाली, आणि ती मी पुढे एक अक्षर न लपवता लिहिणार आहे. तुम्ही मात्र खरं काय ते डोळ्यांनी बघितलंत आणि कागदावर दुसरंच लिहिलंत. "वाहनात दोष आढळला नाही. पिकअप कमी मिळण्याचे कारण चालकाची चालवण्याची पद्धत." खाली तुमची सही, सहीवर तुमच्या सर्व्हिस सेंटरचा शिक्का. तुमचं नाव मी इथे घेत नाही. मला तुमचं नाव खराब करायचं नाही, मला एका बाईचं नाव परत हवं आहे.

मी जगदीश. लोधिवलीच्या फाट्याजवळ, जुन्या हायवेला माझं गॅरेज आहे. दहावीत गणितात उडालो ते परत बसलोच नाही. इंजिन उघडून उघडून इंजिन शिकलो, आणि रद्दीतली पुस्तकं वाचून लिहायला शिकलो. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर नंतर काढा. आधी वाचा.

छाया माझी धाकटी बहीण. भात कापून शेतं मोकळी झाली की मी तिला शेतातच टेंपो शिकवायचो. तेव्हा ती सोळाची, मी चोविसाचा. बांधावर चाक चढलं की आई घरातून ओरडायची, आणि छाया खिडकीतून डोकं काढून म्हणायची, "आये, बांधच मधी आला." पुढे तिला खालापूरच्या पलीकडे दिली. नवऱ्याचं नाव नवीन, खोपोलीत कारखान्यात आहे. चांगला माणूस, पण स्टिअरिंगला भितो. घरची मोटारसायकलसुद्धा हीच चालवायची आणि तो मागे पिशवी धरून बसायचा.

सहदेव म्हणून एक ठेकेदार आहे. खोपोलीच्या पुढे चढावर पॅकिंगचा एक कारखाना आहे, तिथल्या बायकांना पाळीवर न्यायचा-आणायचा ठेका त्याच्याकडे. कारखान्याने अट घातली की गाडी विजेची पाहिजे आणि चालवणारी बाई पाहिजे. सहदेवला गाडी मिळाली, बाई मिळेना. मी म्हटलं, माझी बहीण आहे. मार्च महिन्यात छाया त्या गाडीत बसली. हिरवी पाटी, तिच्यावर पिवळे आकडे. पळसदरी, केळवली, डोलवलीच्या सहा बायका घ्यायच्या आणि चढावर कारखान्याच्या गेटला सोडायच्या, सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. तिच्या सासरच्या गावात पगारावर गाडी चालवणारी ती पहिलीच बाई. सासू दारात येणाऱ्या भाजीवालीलाही सांगायची, "आमची सून डायवर हाय."

एप्रिल गेला, मे गेला. मे महिन्यात आमच्याकडे दगडावर हात ठेववत नाही. त्या उन्हात गाडी पळत होती. हे लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं नाही.

आमच्याकडे पावसाच्या आधी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आडोसा बांधतात, नाहीतर झड सरळ चुलीपर्यंत येते. आधी पेंढा बांधायचे, आता फ्लेक्स बांधतात. निवडणूक असो नाहीतर वाढदिवस, चौकातला फ्लेक्स उतरला की कुणाच्या तरी भिंतीला लागतो. अख्ख्या तालुक्याचे पुढारी चार महिने आमच्या घरांवर भिजत उभे असतात, आणि तेवढाच काय तो त्यांचा उपयोग. या वेळी मला एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मिळाला, चांगला जाड. भिंतीला मोठा व्हायला लागला म्हणून मधोमध कापला, बरोबर त्याच्या नाकावरून. अर्धा भिंतीला बांधला. उरलेला अर्धा हातात घेऊन उभा होतो, तेवढ्यात छाया गाडी घेऊन आली.

"दादा, पाण्यात गाडी घातली तर करंट बसंल का रं?"

"कुनी सांगितलं?"

"मोबाइलवर दाखवतात. आन आमच्या रस्त्याला गुडघाभर पानी भरतं, ठाव हाय ना तुला."

करंट बसत नाही, गाडी त्याचा बंदोबस्त करूनच बनवतात, एवढं मला वाचून माहीत होतं. पण बहिणीला समोर बघितलं की वाचलेलं आठवत नाही. मी म्हटलं, थांब. पुढचा बंपर सोडवला. आत रेडिएटरसारखी जाळी दिसली. आता हे ऐका, म्हणजे माझी अक्कल किती ते कळेल. मी तीस वर्षं डिझेलच्या गाड्या उघडतोय. मला वाटलं, हिला इंजिन नाही तर तापणार काय? ही जाळी एसीची असणार, आणि पावसात एसी कोण लावतो. मी तो अर्धा फ्लेक्स दुहेरी करून जाळीच्या पुढ्यात घट्ट बसवला, तारेने आवळला आणि बंपर परत लावला. बाहेरून काही दिसत नव्हतं. साफ काम.

छाया हसली. म्हणाली, "घराला बी आडोसा, मला बी आडोसा."

पावसाळाभर गाडीने काही कुरकुर केली नाही. हवा थंड होती, वरून पाणी पडत होतं, जाळी झाकलेली आहे हे गाडीला कळलंसुद्धा नसेल. मीही विसरलो, छायाही विसरली.

सप्टेंबर संपता संपता ऊन आलं. पावसानंतरचं ते ओलं, चिकट ऊन. आणि गाडी पिकअप घेईना. सपाटीला ठीक चालायची. चढ लागला की एक्सलेटर खालपर्यंत दाबला तरी चालल्यासारखी चालायची. समोरच्या पडद्यावर कासवाचं चित्र यायचं. गाडीत डोलवलीची गोदा असायची, तिच्या जिभेला हाड नाही. तिनेच मला नंतर सांगितलं.

"छाये, उतरू का ढकलायला?"

"बस गं. कासव लागलंय."

"कासवाला काय घालतात खायला?"

"पाला."

"मंग थांबव जरा, तोडून आनते."

पहिला आठवडा असा हसण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात कुणी हसेना. दुपारच्या पाळीचं गेट पावणेतीनला बंद होतं. उशीर झाला की बाई बाहेर, पाळी बुडाली. तीन वेळा सहाच्या सहा बायका गेटबाहेर राहिल्या. कुणीतरी सहदेवला फोन केला. सहदेव छायाला म्हणाला, गाडीच्या कंपनीत दाखवून कागद आण.

ती तुमच्याकडे आली. एकटी, रजा टाकून, पनवेलच्या सगळ्या गर्दीतून गाडी चालवत. तुमच्या माणसाने लॅपटॉप जोडला. दहा मिनिटं पडद्याकडे बघितलं. बॉनेट उघडलं नाही. बंपरला हात लावला नाही. मग विचारलं, "ताई, एक्सलेटर पूर्ण दाबता का?"

"दाबते."

"घाबरत तर नाही ना?"

"घाबरले असते तर इथवर आले असते का?"

तो हसला, आत गेला, आणि तुमच्या सहीचा कागद घेऊन बाहेर आला.

तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. कागद इंग्रजीत होता, मी वाचून सांगितला. मी गाडी जॅकवर घेतली. चारी चाकं हाताने फिरवून बघितली, ब्रेक कुठे घासतोय का. घासत नव्हता. टायरची हवा बघितली. पायाखालची चटई सरकून एक्सलेटरखाली अडकते का ते बघितलं. छोटी बॅटरी असते तिच्या पट्ट्या घासून बसवल्या. गाडी कमी ताकदीच्या ईको मोडवर राहिली आहे का बघितलं. सगळं बरोबर. छाया बाजूला टायरवर बसून बघत होती.

"दादा, ऐक," ती म्हणाली. "सकाळी पळते. दुपारी मरते. मी बाराला हायवेच्या चार्जरला लावते, घाईच्या चार्जिंगला. एकला काढते, बाया भरते आन चढ लागला की कासव. एसी बी गरम वारा टाकतो. तू दुपारी चालवून बघ. भरलेली बघ. माझ्याच रस्त्यानं बघ."

साहेब, पूर्ण उत्तर त्या बोलण्यात होतं. घाईच्या चार्जिंगने बॅटरी तापते. भरलेल्या गाडीला चढावर ती आणखी तापते. एसी गरम वारा टाकतो म्हणजे पुढून हवाच आत जात नाही, आणि बॅटरी थंड होते ती त्याच हवेने. हेच एखाद्या टेंपोवाल्याने सांगितलं असतं, भाऊ, दुपारी चढाला ओढत नाही आणि तापाचा काटा वर जातो, तर मी हातातला चहा खाली न ठेवता म्हटलं असतं, रेडिएटर बघ, कचरा बसलाय. या गाडीला काटा नव्हता. काट्याच्या जागी माझी बहीण होती. ती सांगत होती, आणि मी तिचं ऐकलं नाही.

मी म्हटलं, "उद्या सकाळी बघतो." दुपारी एका टेंपोचा क्लच बसवून द्यायचा शब्द दिला होता.

त्या सकाळची फेरी सहदेवने दुसऱ्या गाडीवर टाकली होती. सकाळी सहाला गाडी घेतली. रिकामी गाडी, थंड हवा, जुना हायवे सपाट. चौक गावाच्या पुढपर्यंत गेलो आणि आलो. बाणासारखी गेली. आठला सहदेव आला. छाया आधीच येऊन उभी होती, अंगावर कामाचा निळा कोट, कारण एकला चार्जर सोडून तिला दुपारची फेरी धरायची होती.

सहदेवने तुमचा कागद वाचला, घडी केला आणि मला म्हणाला, "जगदीशभाऊ, हे तर कंपनी म्हणते. तू काय म्हणतोस? तू मिस्त्री हायस, तुझा शब्द शेवटचा."

मी म्हटलं, "गाडीत काय नाय. बाईचा पाय हलका हाय."

असं का बोललो, ते लिहितो. समोर तुमचा शिक्का होता, हे एक. पण ते अर्धंच. 'मला कळत नाही' हे तीन शब्द मला म्हणता आले नाहीत. या हायवेवर माझी ओळख आहे की जगदीशने बघितलं म्हणजे बघितलं. विजेच्या गाडीपुढे जगदीशचा हात टेकला, असं सहदेव चार टपऱ्यांवर सांगत फिरला असता. माझं नाव राहावं म्हणून मी बहिणीचं नाव दिलं. वर सहदेव हसावा म्हणून ते विनोदासारखं म्हटलं. सहदेव हसलाही.

छाया हसली नाही. चावीला तिने मुलीने दिलेला रबरी बेडूक लावला होता. तो शांतपणे सोडवला, खिशात टाकला आणि चावी सहदेवच्या हातात ठेवली. मला म्हणाली, "दुपारी बघितली असतीस तर बरं झालं असतं." मग फाट्यापर्यंत चालत गेली आणि रिक्षाची वाट बघत उभी राहिली. माझं गॅरेज तिथून शंभर पावलांवर आहे. रिक्षा यायला अर्धा तास लागला. अर्धा तास मी एका नटला पाना लावून उभा होतो.

सहदेवने कारखान्याच्या हातापाया पडून बाईची अट सैल करून घेतली आणि ऋतिक नावाचा पोरगा ठेवला. ऋतिक तगडा, पायात हे एवढाले बूट. त्याच्या हातातही गाडी चढाला कासव. आठवड्याने सहदेव गॅरेजवरून जाताना थांबला. मी विचारलं, गाडी कशी आहे. म्हणाला, "लोड जास्त होतो रं चढाला. ऋतिकला सांगितलंय, सहाच्या जागी चारच बाया घे, दोन फेऱ्या मार."

बाई चालवत होती तेव्हा दोष पायाचा. बाप्या चालवायला लागला तर दोष बायकांच्या वजनाचा. मी हे ऐकलं आणि तेव्हाही गप्प बसलो. तेवढं ऐकूनच मला गाडी परत मागायला हवी होती. नाही मागितली. दिवाळी आली. भाऊबीजेला छाया आली, ओवाळलं, जेवली नाही. म्हणाली, घरी पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते.

दिवाळी झाली, भात झोडून झालं, तेव्हा आई म्हणाली, "तो आडोसा उतरव रं आता. घरात उजेड नाय." मी शिडी लावली आणि सुतळ्या सोडायला लागलो. आई, मालनबाई, खाली उभी राहून सुतळी गोळा करत होती. फ्लेक्स एका बाजूने सुटून लोंबला. त्यावर पुढाऱ्याचं अर्धं तोंड. एक डोळा, अर्धी मिशी, आणि कोपरापासून जोडलेला एक हात.

आई म्हणाली, "ह्याचा दुसरा डोळा कुठं गेला रं?"

मी शिडीवरच थांबलो. मग खाली उतरलो आणि अंगणात बसलो. आई म्हणाली, चक्कर आली का. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सहदेवकडे जाऊन दुपारसाठी गाडी मागितली. बंपर सोडवून तो फ्लेक्स आधी काढता आला असता. काढला नाही. तिने सांगितलं होतं तसंच आधी करायचं होतं, महिनाभर उशिरा का होईना. बाराला चार्जरला लावली. एकला काढली. पळसदरीपासून बायका घेतल्या, सहाच्या सहा. पंख्याचा आवाज पुढून एकसारखा येत होता, आणि एसीचा वारा तोंडावर गरम लागत होता. कारखान्याचा चढ सुरू झाला, पडद्यावर कासव आलं. मी एक्सलेटर खालपर्यंत दाबला. काही झालं नाही. मागून एक खडीचा डंपर आला आणि हॉर्न देत आम्हाला ओलांडून वर गेला.

गोदा माझ्या शेजारी बसली होती. डंपर दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "का रं जगदीशदादा, तुजा बी पाय हलका?"

मागच्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. मी एक्सलेटर तसाच दाबून धरला.

गेट बंद व्हायला चार मिनिटं असताना बायका आत गेल्या. मी तिथेच भिंतीच्या सावलीला गाडी लावली आणि बंपर सोडवला. फ्लेक्स होता तसा होता. त्याच्या मागेपुढे चार महिन्यांचा चिखल वाळून बसलेला, पानं, मेलेले किडे. चिखलातून तो दुसरा डोळा माझ्याकडे बघत होता. फ्लेक्समागच्या जाळीला हात लावला आणि लगेच काढला, इतकी तापली होती. तार तोडली, फ्लेक्स ओढून काढला, जाळी कारखान्याच्या नळाने धुतली.

दुसऱ्या दिवशी तोच चार्जर, तीच वेळ, तोच चढ, त्याच सहा बायका. गाडी वर गेली. डंपर मागे राहिला. वर पोहोचल्यावर गोदा उतरली, दार धरून उभी राहिली आणि म्हणाली, "छायेला सांगितलंस का?"

तिथूनच खालापूरला गेलो. छाया अंगणात भात पाखडत होती. तिचा नवरा पाळीला गेला होता. मी फ्लेक्सचा तुकडा खाली ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"ह्यो तू माज्यासमोर लावलेलास."

"हो."

"मी बी इसरले. डायवर मी होते. गाडीत काय लावलंय ते मला आठवाया पायजे होतं."

"तुजं काय नाय त्यात."

"हाय की. असंल तेवढं माजं मला घेऊ दे." ती बोटाने त्या चिखलाचा पोपडा काढत बसली. मग म्हणाली, "दादा, तू आडोसा बांधलास त्याचा राग नाय मला. मायेनं बांधलास. पन मी तुला एक दुपार मागितली होती. टेंपोवाल्याला शब्द दिलाय म्हनालास. मी कोन होते?"

मी बसलो.

"आन बोललास ते कुनासमोर? सहदेवसमोर. घरात बोलला असतास, वाईट वाटलं नसतं."

"सहदेव परत बोलावतोय तुला. मी सांगितलंय त्याला सगळं."

"ठाव हाय. गोदा रोज फोन करते." ती उठली, आत गेली आणि दोन कागद घेऊन आली. "हे वाच. मंग बोल."

पहिला तुमचा होता. त्याची एक प्रत सहदेवने ठेवली होती, आणि आणखी एक कुठे गेली ते दुसऱ्या कागदावरून कळलं. छायाने विजेची बस चालवायच्या प्रशिक्षणाचा अर्ज भरला होता. मला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यातच भरला होता, निवड झाली की एकदम सांगणार होती. त्यांनी आधीच्या मालकाकडून कागद मागितला. सहदेवने तुमचा कागद जोडून पाठवला. त्याच्या डोक्यात काही वाईट नव्हतं, त्याला वाटलं कंपनीचा कागद म्हणजे वजनदार. तिकडून उत्तर आलं होतं: चालवण्याच्या पद्धतीबाबत प्रतिकूल नोंद असल्यामुळे अर्जाचा विचार करता येत नाही.

"सहदेवच्या गाडीवर उद्या बसंन मी," छाया म्हणाली. "पन ह्यो कागद हाय तवर माजा पाय हलकाच. बारकी गाडी चालवली काय आन मोठी चालवली काय. दादा, हे खोडून आन."

दुसऱ्याच दिवशी मी तुमच्याकडे आलो. फ्लेक्स गुंडाळून काखेत घेतला होता. तुमचा तोच माणूस होता. त्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही, त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. "हां, हे बघा. टेंपरेचर वर जात होतं की. सप्टेंबरपासून रोज दुपारी. गाडी स्वतःच पॉवर कमी करते, बॅटरी वाचवायला."

मी विचारलं, "हे तेव्हा दिसत होतं? ती बाई आली होती त्या दिवशी?"

"दिसत होतं."

"मग लिहिलं का नाही?"

"एरर आला नव्हता ना. एरर नसला की दोष नाही असंच टाकायचं. आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी निवडावं लागतं, रिकामा सोडता येत नाही. साहेबांनी सांगितलंय."

तुम्ही काचेमागे होतात. बाहेर आलात. फ्लेक्स बघितलात आणि म्हणालात, "हे बाहेरचं काम आहे. वॉरंटी संपली." ते ठरवायला तुम्हाला एक मिनिट लागलं. त्याच्यासाठी नियम होता, शिक्का होता, माणूस होता. मी म्हटलं, संपवा. माझ्या नावाने लिहा, मी सही करतो, सहदेवचं जे नुकसान होईल ते मी बघून घेईन. फक्त ती ओळ खोडा. तुम्ही म्हणालात, "जुना रिपोर्ट बदलता येत नाही." आणि परत काचेमागे गेलात.

मी माझ्या वाटणीचं केलं. गॅरेजच्या दाराशेजारी, पंक्चरच्या दराच्या पाटीखाली कागद चिकटवला आहे: छायाची गाडी मी बिघडवली आणि दोष तिच्या पायावर ढकलला. खाली माझी सही. शिक्का माझ्याकडे नाही. गिऱ्हाइकं वाचतात, काही हसतात. एक जण म्हणाला, मिस्त्री, धंदा बसेल. बसू दे. छाया एकदा तिथून सहदेवची गाडी घेऊन गेली, कागदासमोर थांबली, काच खाली करून वाचला आणि निघून गेली. पुढच्या सपाटीला तिने गाडी अशी उचलली की मी बघत राहिलो. ती मला दाखवत होती की स्वतःला, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

प्रशिक्षणाची पुढची तुकडी लवकरच भरणार आहे. ती परत अर्ज करणार आहे, आणि ते परत तोच कागद बघणार आहेत.

म्हणून विचारतो. त्या दिवशी ती तुमच्या दारात उभी असताना तुमच्या पडद्यावर रोजच्या दुपारचा ताप दिसत होता. गाडी तापते आहे, हे तुम्हाला माहीत होतं. का तापते ते बघायला एक बंपर सोडवायचा होता, वीस मिनिटांचं काम. तुम्ही त्याऐवजी रकाना भरलात, कारण समोर बाई होती आणि बाईच्या नावाने रकाना भरला तर कुणी विचारायला येत नाही. मी आलोय. ती ओळ तुम्ही खोडणार की नाही? मला फोन नको, तोंडी नको. सही आणि शिक्क्यासकट, कागदावर. पत्ता तोच आहे, लोधिवलीचा फाटा. उत्तर द्या.